खुडूक कोंबडीचे काम पेटीकडे

कोंबडी खुडूक होते, म्हणजे ती अंडी घालणे थांबवते, अंग फुगवून कोपरा धरून बसते आणि जवळ येणाऱ्या हातावर चोच मारते, तेव्हा तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते. खेड्यातील जाणती बाई ही खूण ओळखून टोपलीत पेंढा पसरते, त्यावर दहा-बारा अंडी मांडते आणि कोंबडीला रवणीला बसवते. एकवीस दिवस अंड्यांवर आणि त्यापुढे सहा ते आठ आठवडे पिलांमागे, असा दोन ते अडीच महिन्यांचा काळ ही कोंबडी एकही अंडे देत नाही. मोजक्या गावरान कोंबड्या बाळगणाऱ्या कुटुंबाला हा खंड जाणवतो, शिवाय अंडी साठलेली असताना एकही कोंबडी खुडूक नसणे आणि दोन कोंबड्या खुडूक असताना पुरेशी अंडी नसणे हेही नेहमीचेच असते. घरी तयार केलेली उबवणी पेटी या अडचणीतून जन्माला येते. थर्माकोलचा खोका, बल्ब, छोटा पंखा आणि तापमान नियंत्रक एवढ्या साहित्यात ती उभी राहते. मात्र पेटी तयार करणे आणि पेटीतून पिले काढणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर बहुतेक वेळा उष्णतेच्या नव्हे तर पाण्याच्या हिशेबात चुकते.

कोंबडीचे काम नेमके काय असते, हे आधी पाहणे उपयोगाचे आहे. रवणीच्या काळात तिच्या पोटावरची पिसे विरळ होऊन कातडी उघडी पडते व त्या भागातला रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे सुमारे ४१ अंश सेल्सियस तापमानाचे तिचे शरीर अंड्यांना थेट ऊब देते. ती दिवसात अनेकदा चोचीने अंडी उलटीपालटी करते, कडेची अंडी मध्ये आणि मधली कडेला सरकवते. अंगाखाली हवा कोंडून ओलावा टिकवते. आणि दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठून अंड्यांना थोडा वेळ मोकळी हवा मिळू देते. ऊब, फिरवणे, ओलावा आणि हवा ही चारही कामे पेटीला करावी लागतात.

माणसाने हे काम आपल्या हाती घेण्याचा इतिहास फार जुना आहे. प्राचीन इजिप्तमध्ये कच्च्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकाच वेळी उबवली जात, आणि ॲरिस्टॉटलने तेथील उबवणीचा उल्लेख केलेला आहे. या भट्ट्यांवरचे कारागीर अंडे पापणीला टेकवून त्याची ऊब जोखत, कारण पापणीची पातळ कातडी तापमानातला बारीक फरक ओळखते. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने तापमानानुसार भट्टीची झडप आपोआप उघडझाप करणारी उबवणी भट्टी तयार केली. आज घरगुती पेटीत बसवला जाणारा नियंत्रक तत्त्वतः तेच काम करतो. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सडणाऱ्या शेणखताच्या उष्णतेवर अंडी उबवण्याचे प्रयोग केले. १८८० च्या सुमारास पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयातील कोंबड्यांची उबवणी यंत्रे पाहून, त्याच धर्तीवर अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी पेटी तयार करवून घेतली. रुग्णालयात नवजात अर्भकाला ठेवतात ती काचेची पेटी या अर्थाने कोंबडीच्या अंड्याची ऋणी आहे.

पेटीकडे वळण्यापूर्वी अंड्याची निवड करावी लागते, कारण चांगल्या पेटीतही चुकीच्या अंड्यातून काहीच निघत नाही. दुकानात मिळणारी पांढरी अंडी ज्या कोंबड्यांची असतात त्यांच्या सोबत कोंबडा ठेवलेलाच नसतो, म्हणून ती अफलित असतात आणि कितीही उबवली तरी त्यांतून पिलू येत नाही. दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असलेल्या घरचे, मध्यम आकाराचे, तडा न गेलेले आणि आठवड्याच्या आतले अंडे निवडणे योग्य ठरते. घातलेल्या फलित अंड्यात हजारो पेशींची एक चकती पिवळ्या बलकावर आधीच तयार असते. तापमान सुमारे २० ते २१ अंशांच्या खाली गेले की तिची वाढ थांबते आणि ऊब मिळताच पुन्हा सुरू होते. निसर्गाची ही सोय नसती, तर दहा दिवसांत एक-एक करून घातलेल्या अंड्यांतून एकाच दिवशी पिले निघाली नसती. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक घरांत वर्षाचा मोठा काळ तापमान या मर्यादेच्या वरच असते, म्हणून साठवणीतील गर्भ धड वाढत नाही आणि धड थांबतही नाही, व अशा अर्धवट अवस्थेत दुर्बळ होतो. त्यासाठी ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मडके किंवा घरातील सर्वांत थंड कोपरा वापरावा, अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत, कारण तेथील थंडी गर्भाला सोसत नाही. मळलेले अंडे पाण्याने धुण्याचा मोहही टाळलाच पाहिजे. कवचावरचा पातळ संरक्षक थर धुऊन गेला की सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात.

पेटीसाठी मासळी बाजारात किंवा औषध दुकानात सहज मिळणारा जाड थर्माकोलचा खोका उत्तम असतो, कारण त्याच्या भिंती उष्णता फार हळू बाहेर सोडतात. ४५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व तितक्याच उंचीच्या आणि ४ सेंटिमीटर जाड भिंतींच्या खोक्याचा हिशेब केला तर, बाहेर २२ अंश तापमान असताना आत ३७.५ अंश राखायला सुमारे १० वॅट आणि बाहेर १० अंशांची कडाक्याची थंडी असताना सुमारे १७ वॅट उष्णता पुरते. हवा खेळती ठेवण्यासाठीच्या छिद्रांतून जाणारी उष्णता धरली तरी ४० वॅटपेक्षा जास्त शक्तीची गरज पडत नाही. अनेक जण शंभर वॅटचा बल्ब लावतात, आणि मग तो विझल्यानंतरही त्याच्या काचेतली ऊब पेटीला मर्यादेपलीकडे तापवत राहते. ४० वॅटच्या एका बल्बऐवजी २५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडणे अधिक शहाणपणाचे, कारण मध्यरात्री एक उडाला तरी दुसरा पेटीला सांभाळून घेतो. हे बल्ब जुन्या पद्धतीचे, तार तापून प्रकाश देणारेच हवेत. एलईडी दिवा वीज वाचवतो तो उष्णता कमी निर्माण करूनच, म्हणून या कामी तो निरुपयोगी ठरतो. थर्माकोल तापला की मऊ पडतो व पेटही घेतो, त्यामुळे बल्ब भिंतीपासून दूर, पत्र्याच्या आडोशाआड आणि चिनी मातीच्या होल्डरमध्ये असावा, आणि पाण्याचे भांडे त्याच पेटीत राहणार असल्याने विजेची प्रत्येक जोडणी झाकलेली असावी.

बल्ब चालूबंद करण्याचे काम तापमान नियंत्रक करतो. त्याचा संवेदक, म्हणजे तापमान जाणणारा तारेच्या टोकाचा मणी, पेटीत असतो आणि ठरलेला आकडा गाठताच आतला रिले, म्हणजे विजेने चालणारा खटका, बल्ब तोडतो. हा मणी अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर टांगायचा असतो. बल्बसमोर ठेवला तर तो अंड्यांची नव्हे, बल्बची खबर देतो. संगणकातील १२ व्होल्टचा लहान पंखा बसवला तर पेटीतली हवा सारखी होते आणि ३७.५ अंश हे एकच तापमान सर्वत्र राखता येते. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर आणि थंड हवा खाली असे थर पडतात, म्हणून तेथे अंड्याच्या माथ्यापाशी ३८.३ ते ३८.९ अंश ठेवावे लागते, म्हणजे अंड्याच्या मध्यापर्यंत योग्य ऊब पोहोचते. अंश-अर्ध्या अंशाचा हा फरक क्षुल्लक नाही: सतत किंचित कमी ऊब मिळाली तर पिले बावीस-तेविसाव्या दिवशी, पोट सुजलेली आणि सुस्त निघतात, सतत किंचित जास्त मिळाली तर एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच, बेंबी नीट न मिटलेली निघतात.

साहजिकच सारी भिस्त तापमापकावर येते, आणि स्वस्त नियंत्रकाचा आकडा एका अंशाने चुकलेला असणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नव्हे. पेटी सजवण्यावर खर्च करण्यापेक्षा हा आकडा पारखून घेणे कितीतरी मोलाचे आहे, आणि त्याचे साधन बहुतेक घरांत आधीच असते. ताप मोजण्याचे थर्मामीटर ३५ ते ४२ अंशांच्या टप्प्यातच अचूक असते, म्हणजे उबवणीला हवा असलेला टप्पा नेमका त्यात येतो. कोमट पाण्याच्या पेल्यात हे थर्मामीटर आणि नियंत्रकाचा मणी शेजारी-शेजारी बुडवून दोन्ही आकडे ताडून पाहिले की चूक किती आहे ते कळते आणि तेवढी वजाबाकी करून नियंत्रक लावता येतो. आर्द्रतामापकाची परीक्षाही तितकीच सोपी आहे: वाटीभर मिठात थोडे पाणी घालून चिखलासारखे केले आणि ती वाटी आर्द्रतामापकासह घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवली, तर डब्यातली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते आणि मापकाने तोच आकडा दाखवायला हवा.

आता पाण्याचा हिशेब. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेल्या वाफेचे प्रमाण. हवा तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता झपाट्याने वाढते, म्हणून बाहेरची दमट हवाही पेटीत शिरून तापल्यावर कोरडी ठरते. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते, आणि पहिल्या अठरा दिवसांना साधारण ५० ते ५५ टक्केच हवे असतात. म्हणजे श्रावणात तेथे पाण्याचे भांडे जवळपास लागतच नाही. याउलट देशावरच्या हिवाळी पहाटे १५ अंश व ६० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत तापून अवघ्या १६ टक्क्यांवर येते, आणि तेथे पसरट भांड्यात पाणी ठेवल्याविना गत्यंतर नसते. भांडे पसरटच का, तर वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून उठते, खोलीचा तिच्याशी संबंध नसतो. तांब्याभर पाण्यापेक्षा परातभर पाणी, किंवा पाण्यात एक टोक बुडवलेले फडके, अधिक ओलावा देते. एका ठिकाणच्या अनुभवावरून दुसऱ्या ठिकाणच्या पेटीला सल्ला दिला की तो हमखास चुकतो, याचे कारण हेच आहे.

हा ओलावा इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर अंड्याच्या कवचात दडलेले आहे. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि त्याच वाटेने अंड्यातले पाणीही वाफ होऊन निघून जाते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याने आपल्या मूळ वजनाच्या साधारण १२ ते १३ टक्के पाणी गमवायला हवे, कारण तेवढी जागा रिकामी होऊन रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि पिलू आपला पहिला श्वास त्याच पोकळीतून घेते. पेटी फार ओली असेल तर पोकळी लहान राहते आणि पिलू पूर्ण वाढूनही आतल्या द्रवात गुदमरते; फार कोरडी असेल तर आतले पापुद्रे चामड्यासारखे होऊन पिलू त्यात अडकते. म्हणून आर्द्रतेच्या आकड्यापेक्षाही खात्रीचा मार्ग म्हणजे स्वयंपाकघरातील वजनकाटा. ४० ग्रॅमची दहा गावरान अंडी पहिल्या दिवशी ४०० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी ती सुमारे ३८० ग्रॅम आणि अठराव्या दिवशी सुमारे ३५० ग्रॅम भरायला हवीत. वजन यापेक्षा वेगाने उतरत असेल तर भांडे मोठे करावे, हळू उतरत असेल तर काढून घ्यावे. घरगुती उबवणीत हा वजनाचा मार्ग फारसा कोणी वापरत नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण अंडे स्वतःच आपली गरज यातून सांगत असते.

अंडी फिरवण्याचे कारण वेगळे आहे. पिवळा बलक सभोवतालच्या पांढऱ्या भागापेक्षा किंचित हलका असल्याने वर तरंगतो आणि त्याच्या माथ्यावरचा गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटण्याचा धोका असतो. शिवाय फिरवल्याने रक्तवाहिन्यांचे जाळे कवचाखाली नीट पसरते. पहिला आठवडा या बाबतीत सर्वांत नाजूक असतो. हाताने फिरवायचे असेल तर अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा बाजू बदलावी. संख्या विषम ठेवण्याचा हेतू असा की रात्रीचा दीर्घ काळ अंडे रोज एकाच बाजूवर पडून राहू नये. कुलरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर लावून अंड्यांची चौकट दोन्ही बाजूंना ४५ अंशांनी कलवण्याची सोयही अनेक कारागीर घरीच करतात. अठराव्या दिवशी मात्र फिरवणे थांबवायचे, कारण त्यानंतर पिलू बाहेर पडण्यासाठी अंड्यात आपली जागा घेऊ लागते.

वीज गेली तर काय, ही भीती प्रत्येकाला असते, परंतु गर्भ थंडीपेक्षा उष्णतेला अधिक लवकर बळी पडतो. दोन-तीन तास वीज गेली, तर पेटी गोधडीत गुंडाळून आणि आत कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवून वेळ निभावते, फार तर पिले थोडी उशिरा निघतात. याउलट काही तास पेटी ४० अंशांच्या वर राहिली तर सारी अंडी जाऊ शकतात. दुसऱ्या आठवड्यापासून गर्भ स्वतः उष्णता निर्माण करू लागतो, इतकी की बांगलादेशात तुसाच्या टोपल्यांत बदकाची अंडी उबवणारे लोक जुन्या अंड्यांच्या उष्णतेवर नवी अंडी वाढवतात. विदर्भातील मे महिन्यात बाहेरच ४४ अंश असताना बल्ब बंद करूनही पेटी थंड होत नाही, कारण नियंत्रकाला तापवता येते, गार करता येत नाही. त्या दिवसांत उबवणी लावूच नये हे बरे.

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बत्ती अंड्याच्या रुंद टोकाला लावून पाहिले की आतली हकीकत दिसते. सजीव अंड्यात मधल्या काळ्या ठिपक्यापासून लाल शिरांचे कोळिष्टक पसरलेले असते, अफलित अंडे नितळ पिवळे दिसते आणि मेलेल्या गर्भाभोवती रक्ताचे कडे उमटते. नितळ व कड्याची अंडी लगेच काढून टाकावीत, कारण पेटीच्या उबेत कुजलेले अंडे फुटले तर त्याचे जंतू शेजारच्या अंड्यांपर्यंत पोहोचतात.

अठराव्या दिवशी आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर नेऊन, हवेची छिद्रे पुरती उघडून, पेटी बंद करायची आणि मग ती उघडायची नाही. विसाव्या दिवसाच्या आसपास पिलू आतला पापुद्रा फोडून पोकळीतील हवा घेते, आणि चोचीच्या टोकावरच्या टणक दाण्याने कवच टिचवते. अंडे टिचल्यापासून पिलू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास जाऊ शकतात, आणि या काळात आतून चिवचिव ऐकू येत असूनही बाहेर काही घडत नाही असे वाटून अनेकांचा धीर सुटतो. नेमक्या याच वेळी पिलू पापुद्र्यातल्या शिरांतील रक्त आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेत असते. माणसाने दयेपोटी कवच सोलले तर शिरा फुटून रक्तस्राव होतो, आणि झाकण उघडल्याने सुटलेल्या वाफेमुळे शेजारच्या टिचलेल्या अंड्यांतील पापुद्रे वाळतात. या वेळी हात मागे ठेवणे हीच खरी मदत असते.

पोटात घेतलेला तो बलक पिलाला दोन दिवस दाणापाण्याविना पुरतो, म्हणूनच उबवणी केंद्रांतून एक दिवसाची पिले दूरवर पाठवता येतात आणि म्हणूनच पिले पेटीतच पुरती सुकू देण्यात काही धोका नसतो. त्यानंतर त्यांना पहिला आठवडा ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, जी पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवतात. पायाखाली गुळगुळीत वर्तमानपत्राऐवजी गोणपाट घालतात, नाहीतर पाय घसरून फाकतात. आणि पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकाकडून रानीखेत रोगाची लस देऊन घेतात. त्याच सुमारास घरातली एखादी कोंबडी दोन आठवडे रवणीवर बसलेली असेल, तर पेटीतील पिले रात्रीच्या अंधारात एकेक करून तिच्या पंखांखाली सरकवतात आणि तिची अंडी काढून घेतात. बहुतेक वेळा पहाटे ती त्यांना आपलीच समजून, हाक देत, खुराड्याबाहेर चरायला घेऊन निघते.